ठकूआत्याच्या पाठीला खिडकी

एका जंगलात, बाळांनो, एका दुपारी कुणीतरी हसलं.

आता हसण्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण त्याच वेळी सिंहमहाराज दरबारात जांभई देत होते आणि जांभई अर्धी बाहेर असतानाच ते हसू ऐकू आलं. महाराजांनी तोंड मिटलं. मला कोण हसलं, असं त्यांनी विचारलं. दरबारातलं तर कुणीच हसलं नव्हतं. म्हणजे जो हसला तो आपल्या घरात बसून हसला.

झालं. दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला. प्रत्येक घराला एक खिडकी हवी. बिळाला, ढोलीला, वारुळाला, सगळ्यांना. आणि ती आतून लावता येता कामा नये. सुतारपक्ष्यांची भरती झाली. आठवडाभर जंगलात नुसती टकटक. नागाच्या वारुळाला खिडकी पडली. घुबडाच्या ढोलीला दोन पडल्या, कारण भर दिवसा झोपणारा सरकारला संशयास्पद वाटला. तळ्यातल्या माशांना मात्र, पाणी आरपार दिसतं म्हणून, सद्वर्तनाचा दाखला मिळाला.

या तळ्याच्या काठी ठकूआत्या नावाची एक कासवीण राहायची. वयस्कर, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दुपारचं जेवण झालं की ती डोकं आणि चारी पाय आत घ्यायची, आणि उन्हं कलली की बाहेर काढायची. समोरच्या बाभळीवर गिरजा साळुंकी राहायची. स्वभावाने मायाळू, पण कुणाच्या घरी काय शिजतंय हे कळल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. ठकूआत्या आत काय करते हे पाहायला तिने इतकी वर्षं इतक्या बाजूंनी वाकून पाहिलं होतं, की तिची मान जराशी डावीकडेच राहिली होती.

सुतारपक्षी आला तेव्हा ठकूआत्याला वाटलं, कुणाचा तरी पत्ता विचारतोय. त्याने तिच्या कवचावर चोचीने खूण केली आणि इथे पाडतो म्हणाला.

"अरे, ती माझी पाठ आहे."

सुतारपक्ष्याने जवळचं पान उलटसुलट करून पाहिलं. "नोंदीत घर लिहिलंय, आत्या."

ठकूआत्या मनाशी मोजू लागली. पाठीला भोक पडलं तर पाऊस आत येणार, मुंग्या आत येणार, आणि मुख्य म्हणजे आत जाऊनही ती बाहेरच राहणार. सुतारपक्षी तसा भला होता. हरकत असेल तर न्यायालयात जा, तोवर मी चोचीला धार लावून ठेवतो, असं सांगून तो गेला.

जंगलातल्या न्यायालयात न्यायमूर्ती गवा बसत. त्यांच्यासमोर ऐनाच्या झाडाला एक भलीमोठी तागडी टांगलेली होती. खाजगीपणाचे खटले तिथे तोलून निकालात निघत. पद्धत जुनी आणि अगदी निष्पक्ष होती. एका पारड्यात सरकार एक काळा धोंडा ठेवी. त्यावर चुन्याने 'जनहित' असं लिहिलेलं होतं. प्रत्येक खटल्याला तोच धोंडा. दुसऱ्या पारड्यासमोर अर्जदाराने उभं राहायचं आणि आपल्याला काय लपवायचं आहे ते सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं. ऐकून जितके प्राणी 'अगंबाई' म्हणतील, तितके खडे कारकून साळिंदर पारड्यात टाकी. पारडं खाली गेलं, की ती गोष्ट खाजगी आहे असं सिद्ध होई.

मागच्याच आठवड्यात तरसाने अशी केस जिंकली होती. शिकार आपल्याला जमत नाही, आपण चोरून बोरं खातो, असं त्याने सगळ्यांदेखत सांगितलं. खड्यांनी पारडं जमिनीला टेकलं. आता त्याला ससेसुद्धा भीत नाहीत, पण गुहेला खिडकी नाही.

ठकूआत्याची पाळी आली. आत काय लपवता, असं न्यायमूर्तींनी विचारलं. तिने बराच विचार केला.

"काही नाही, साहेब. डोकं आत घेतलं की बरं वाटतं."

कुणीच अगंबाई म्हणालं नाही. एका बेडकाला जांभई आली, तीही त्याने घाबरून गिळली. पारडं रिकामं लोंबत राहिलं.

सरकारतर्फे मुंगूस वकील होते. ते उठले आणि शांतपणे म्हणाले, लपवायला काही नाही हे अर्जदार स्वतःच कबूल करतात, मग खिडकीला हरकत कशाला? न्यायमूर्तींनी मान डोलावली. म्हातारीकडे पाहून त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी एक दिवसाची मुदत दिली. उद्या एखादं वजनदार गुपित घेऊन या, नाहीतर सुतारपक्षी काम सुरू करील.

ठकूआत्या घरी आली, म्हणजे होती तिथेच बसली. गिरजा बाभळीवरून खाली उतरली. तिचाही चेहरा उतरलेला होता.

"खरंच काही नाही आत?"

"नाही गं."

"मग मी मान कशासाठी वाकडी करून घेतली, आत्या?"

थोडा वेळ ती रुसून बसली. मग तिला शेजारीण म्हणून लाज वाटली. गुपित नाही म्हणून एवढं कशाला रडायचं, माझ्याकडे ढीगभर आहेत, लागेल ते घेऊन जा, असं ती म्हणाली. तिने मोराचं एक सांगितलं, कोल्हिणीची दोन सांगितली. ठकूआत्या सगळ्यांना नको नको म्हणत गेली. दुसऱ्याची अब्रू काढून आपली पाठ वाचवायची हे तिला पटेना.

शेवटी गिरजा जवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "मग ते हसू कुणाचं होतं, ते घे."

गिरजा रोज दुपारी न्यायमूर्ती गव्याच्या पाठीवर बसून गोचीड वेचायची. त्या दुपारी तिची चोच चुकून त्यांच्या उजव्या कुशीत लागली. न्यायमूर्तींना तिथे भयंकर गुदगुल्या होतात. आपल्या झुडपात बसून ते जे खदखदले, ते थेट दरबारात ऐकू गेलं. महाराजांच्या जांभईचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण हुकूम निघाल्यावर ते सांगायला कोण जाणार? न्यायमूर्ती गप्प बसले. गिरजाही बसली. एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून तिला दोन आठवडे अपचन झालं होतं.

दुसऱ्या दिवशी न्यायालयात ही गर्दी. कासवीण काय सांगते म्हणून माकडं फांद्यांवर आधीच तोंडाचा आ करून बसली होती. साळिंदराने खड्यांची टोपली भरून ठेवली. ठकूआत्या पारड्यासमोर आली. रात्रभर विचार करून तिने आपल्यापुरता एक मार्ग काढला होता.

"साहेब, गुपित आहे. पण ते माझं नाही. ज्याचं आहे त्याने हो म्हटलं, तर सांगते."

"कशाविषयी आहे?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"एका दुपारच्या हसण्याविषयी. आणि एका उजव्या कुशीविषयी."

तेवढ्यात गिरजा उडत आली आणि न्यायमूर्तींच्या पाठीवर, नेहमीच्या जागी, जरा उजवीकडे सरकून बसली.

न्यायमूर्ती गव्यांनी उजवी कूस आवरून घेतली. त्यांनी तागडीकडे पाहिलं. माकडांकडे पाहिलं. चुन्याने लिहिलेल्या त्या धोंड्याकडे तर ते असे पाहत राहिले, जणू आज पहिल्यांदाच दिसला. मग त्यांनी निकाल द्यायला सुरुवात केली आणि सव्वा तास ते थांबले नाहीत.

ते म्हणाले, खाजगीपण हा प्राण्याच्या प्रतिष्ठेचा गाभा आहे. ते म्हणाले, तुझं काय आहे ते दाखव म्हणजे ते झाकतो, असं म्हणणारं न्यायालय हे न्यायालयच नव्हे. काही गोष्टी तागडीत घालायच्याच नसतात, मग समोरचा धोंडा केवढाही असो. हरणांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुंगूस वकिलांनीसुद्धा दोन वाक्यं लिहून घेतली. अर्जदाराचं गुपित न ऐकताच ते कायमचं मोहोरबंद करण्यात आलं आणि कवचाला हात लावायला मनाई झाली.

शेवटचं वाक्य न्यायमूर्तींनी जरा घाईत वाचलं. हा निकाल फक्त या एका कवचापुरता आहे, दुसऱ्या कुणी तो घेऊन इथे येऊ नये.

त्यामुळे बाकीच्यांच्या खिडक्या होत्या तशाच राहिल्या. पण निकाल फार सुंदर होता, यावर सगळ्यांचं एकमत झालं. तो पिल्लांच्या शाळेत पाठांतराला लागला. पिल्लं तो खिडकीजवळ बसून म्हणत, म्हणजे खिडक्या तपासत फिरणाऱ्या सरकारी तपासनिसाला नीट ऐकू जाई.

ठकूआत्या तळ्यावर परतली. दुपारचं जेवण झालं. तिने डोकं आत घेतलं, चारी पाय आत घेतले आणि डोळे मिटले. पण आज आत एकटी ती नव्हती. एवढे मोठे न्यायमूर्ती, चारी पाय वर, खदखदा हसताहेत, असं तिला दिसायला लागलं. तिने दात आवळले. कासवांना दात नसतात, तरी आवळले. शेवटी राहवलंच नाही. कवच गदगदा हलायला लागलं आणि आतून हसू बाहेर पडलं.

दूर दरबारात महाराजांनी कान टवकारले.

गिरजा साळुंकी बाभळीवरून सरळ कवचावर येऊन बसली आणि घसा ताणून, बेसूर, कधी नव्हे इतक्या मोठ्याने गायला लागली. उन्हं कलेपर्यंत गातच राहिली.

तात्पर्य : बाळांनो, खाजगीपण हा प्रत्येकाचा हक्क आहे. तो मिळवायला आपलं काही लपवलेलं असावं लागत नाही, न्यायाधीशांचं असलं म्हणजे पुरे. तेव्हा शेजारीण खिडकीतून डोकावली तर तिच्यावर रागावू नका. आधी ती आणखी कुठे कुठे डोकावते, ते विचारा.