हेसलरबाईंची फळी

निहार दातारने एकदा मनावर घेतलं की घेतलं. जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या भाड्याच्या घरात त्याची पुस्तकं दोन वर्षं खोक्यांत पडून होती, आणि आता सासरे चंद्रशेखर तीन महिन्यांसाठी आले होते. पुण्याच्या एका कारखान्यात सुतारखात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस, इथे खिडकीतून बस मोजून कंटाळला होता. तेव्हा कपाट सासऱ्यांनी करायचं आणि डोकं निहारने चालवायचं, असं ठरलं. डोकं त्याच्या मोबाईलमध्ये तयारच होतं.

लाकूडखरेदीचं एक ॲप होतं ते. काय बनवायचं ते सांगायचं, घरातल्या लाकडाचे फोटो काढायचे, की किती फळ्या विकत आणायच्या आणि कोणती कुठे कापायची, सगळा नकाशा हातात! निहार तळघरातल्या आपल्या वाट्याच्या अडगळीच्या खोलीत, केलरमध्ये, जाऊन दिसेल त्या लाकडाचे फोटो काढून आला.

"पाईनच्या दोनच फळ्या आणायच्यात," तो बायकोला, ईप्सिताला म्हणाला. "बाकी माल घरचाच. ओकची चांगली दोन मीटरची फळी निघाली. आधीचा भाडेकरू सोडून गेला असणार. लोक दुकानात जाऊन अंदाजाने लाकूड उचलतात. आपण इंजिनिअर आहोत."

मंगळवारी सासऱ्यांच्या हाती नकाशा देऊन तो ऑफिसला गेला. संध्याकाळी परतला तर हॉलमध्ये कमरेएवढं कपाट उभं. सांधे असे बसलेले की नख जाणार नाही. ओकचे दोन तुकडे दोन बाजूंना, आडव्या फळ्या पाईनच्या. निहारला स्वतःचाच अभिमान वाटला.

"ओक फार सुरेख होता," सासरे म्हणाले. "पण कुणीतरी पेन्सिलीने गिरगटून ठेवलेला. रेघा काय, आकडे काय, नावं काय. रंधा मारून सगळं साफ केलं."

नावं कुठली, असं निहारने विचारलं. सासऱ्यांना जर्मन येत नव्हतं, पण एकच नाव पुन्हा पुन्हा आल्यामुळे लक्षात राहिलं होतं. श्टेफान.

श्टेफान म्हणजे वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाईंचा, ऐंशी वर्षांच्या हेसलरबाईंचा मुलगा. घर घेताना बाई आपल्या श्वाबियन बोलीत केलरबद्दल बराच वेळ काहीतरी सांगत होत्या, ते निहारला आत्ता आठवलं. त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं, म्हणून तो प्रत्येक वाक्याला "जा, गेनाऊ", म्हणजे हो, अगदी बरोबर, असं म्हणाला होता.

"अरे, उंचीच्या रेघा असणार त्या," ईप्सिता हळूच म्हणाली. "दर वाढदिवसाला एक."

फोटो तरी असेल म्हणून निहारने धडपडत ॲप उघडलं. ॲपने फोटो ठेवलाच नव्हता. नुसती एक तपकिरी चौकट, आणि खाली लिहिलेलं: ओक, जुना, पृष्ठभाग अस्वच्छ. निहार खोक्यावरच बसला. नोकरी सोडावी, दूर र्युसेल्सहाइमच्या मोटारकारखान्यात जाऊन गाड्या जोडाव्यात, आडनाव बदलावं, असं बरंच काही त्याच्या मनात येऊन गेलं. सासऱ्यांनी चहा अर्धाच ठेवला आणि उठून सदरा बदलला.

"चला निहारराव. चूक माझ्या हातची आहे, मी सांगतो. तुम्ही फक्त भाषांतर करा."

दोघांनी वर जाऊन बोलावल्यावर बाई खाली आल्या. सासरे सांगतील तसं निहार बोलत होता. एरवीही चुकणारं त्याचं जर्मन आता पार कोलमडलं होतं. बाईंनी गुळगुळीत ओकवरून हात फिरवला आणि तो तिथेच राहिला.

"श्टेफान शनिवारी फळी न्यायला येणार होता," त्या म्हणाल्या. "त्याला नातू झालाय."

सासऱ्यांनी हात जोडले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, खुर्ची ओढून बसल्या आणि पेन्सिल मागितली.

"सहा वर्षं," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "एक मीटर चौदा."

सगळे आकडे त्यांना पाठ होते. निहार भाषांतर करत होता आणि सासरे टेप लावून रेघ मारत होते. एक मीटरपर्यंतचा श्टेफान डाव्या बाजूला आला, त्यापुढचा उजव्या बाजूला, पुन्हा जमिनीपासून. नवव्या वर्षाची रेघ नव्हती; त्या वर्षी तो दवाखान्यात होता. सासऱ्यांनी तेवढी जागा मोकळी सोडली. ते बाईंनी पाहिलं आणि पहिल्यांदाच मान डोलावली.

आता हे कपाट अर्थातच श्टेफानचं झालं. सासरे-जावयांनी ते उचलून दोन जिने चढवले. वर पोचेपर्यंत निहारच्या कमरेत उसण भरली. दारात बाई म्हणाल्या,

"मुलीची फळी माझ्या माळ्यावर आहे. तिलाही असंच कपाट हवं, नाहीतर ती रुसेल. फक्त रंध्याला हात लावायच्या आधी मला बोलवा."

"काय म्हणाल्या?" सासऱ्यांनी विचारलं.

"सांधे छान झालेत म्हणाल्या," निहारने सांगितलं. बाकीचं त्याने सकाळसाठी ठेवलं. आत्ता सांगितलं असतं तर सासरे लगेच माळ्यावर चढले असते, आणि खालून धरायला तोच लागला असता.