मिस मर्टलची अर्धी म्हण

मिस मर्टलने मला कधी म्हण पुरी ऐकवली नाही. अर्धी म्हणायची, थांबायची, भुवया हॅटच्या कडेला टेकवायची आणि तुमच्या तोंडाकडे बघत बसायची. तुम्ही 'येस, मिस मर्टल' म्हणालात की मान फिरवून खिडकीबाहेर बघायला लागायची, जणू तुम्ही तिच्या पायावर पाय दिलाय.

खिडकीबाहेर बघायला होतं काय, तर वाळू. नव्वदच्या दशकातली गोष्ट ही. दुबईतल्या देऱ्याहून जबल अली बंदराला जाणारी आमच्या कंपनीची बस. डावीकडे वाळू, उजवीकडे वाळू, आणि आत शिळी झोप आणि खोबरेल यांचा मिळून एक वास. मिस मर्टल आपली सीट रुमालाने पुसून मगच बसायची, आदल्या दिवशी तिथे स्वतःच बसलेली असली तरी. शेजारची जागा माझी. दुसरं कुणी तिथे बसायला धजत नसे.

ती बार्बाडोसची. बसमधल्या पुरुषांना बार्बाडोस म्हणजे फास्ट बोलर, एवढंच ठाऊक. नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्याच दिवशी तिच्याजवळ क्रिकेट काढायचा आणि तिला क्रिकेटचा मनस्वी तिटकारा. नवरा बोटीवर इंजिनियर. त्याच्यामागून ती दुबईला आली आणि तो दुसऱ्या बोटीने पुढे गेला, तो गेलाच. ही राहिली आमच्या गोदामात, सुट्या भागांवर राज्य करत.

आणि मी? मी तेव्हा फार मोठी बाई होते. पुण्याची एम.ए., तेही इंग्रजी घेऊन. काम काय, तर बोटीवर चढणाऱ्या मालाचे कागद टाइप करायचे. पण मान अशी ताठ, की सिमेंटच्या गोण्यांवर समीक्षाच लिहितेय. मिस मर्टलचं इंग्रजी ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. क्रियापदं वाटेत सांडत चालायची ती. मी मनातल्या मनात लाल पेनने दुरुस्त करत बसायचे. ती एम.ए. पोरगी आज समोर आली तर मी तिला एक टपली ठेवून देईन.

म्हणी तर विचारूच नका. माकड, मांजर, खेकडा आणि समुद्र. चार भाड्याचे नट घेऊन त्या बेटाने जगाचं सगळं शहाणपण बसवलेलं! नवीन माणसाला मांजर, भांडणाऱ्यांना खेकडे, उद्धटाला समुद्र. डॉक्टरने गोळ्या द्याव्यात तशी सकाळी सकाळी वाटायची, आणि गोळीही अर्धीच. एवढं शहाणपण होतं, तर तो बोटीवरचा नवरा कुणी निवडला होता? हे मी नातीला सांगितलं, तर म्हणते, "आजी, दॅट्स सो मीन!" असू दे.

अकाउंट्समधल्या साठेला बढती मिळाली तेव्हा तिने त्याला माकड दिलं. माकड आणि उंच झाड, एवढं बोलून थांबली. साठेला वाटलं, कौतुक चाललंय. त्याने तिला पेढे जास्त दिले. माकड जितकं वर चढतं तितकी त्याची शेपटीखालची बाजू जगाला दिसते, हे मला फार उशिरा कळलं. साठेला मी अजून सांगितलेलं नाही.

रोगाचं निदान अर्थातच मी केलं. "विसरते बिचारी," मी नवऱ्याला म्हणाले. "सुरू करते आणि पुढचं आठवतच नाही." आपल्या लोकांना रोग कळला की औषध सुचायला वेळ लागत नाही. त्या सुट्टीत पुण्याहून ब्राह्मी तेलाची बाटली आणली. पिशवीत पिशवी, त्यात पिशवी, तरी माझ्या साड्यांना वास लागायचा तो लागलाच. बसमध्ये मोठ्या मनाने तिच्या हातात ठेवली.

"डोक्याला लावा, मिस मर्टल. मेमरी इम्प्रूव्ह होते."

तिने झाकण उघडलं, हुंगलं, बंद केलं. "कोणाची मेमरी?"

आठवड्याने म्हणाली, "गुडघ्यांना बरं आहे तुझं तेल, चाइल्ड."

मग एका गुरुवारी मी नवऱ्याशी भांडून घरातून लवकर निघाले. विषय इस्त्री, दुसरा कुठला? बस थांबायची तिथे एक टेलिफोन बूथ होता आणि आत हॅट दिसत होती. दार उघडंच. मिस मर्टल खेकड्यावर काहीतरी बोलली, थांबली, भुवया वर चढवल्या. आणि रिसीव्हरमधून एका बाईचा खणखणीत आवाज आला. त्याने म्हण पुरी केली. मिस मर्टल बूथच्या काचेवर थापा मारत हसली. मग तिकडून अर्धी आली, ती हिने पुरी केली. पुन्हा थापा. या बाईला दात आहेत हे मला त्या दिवशी समजलं.

"माझी बहीण, डोरीन," बाहेर आल्यावर ती म्हणाली. "तिकडे आता झोपायची वेळ."

"ती पुढचं म्हणते ते..."

"मग कोण म्हणणार? आमच्या घरी एकट्याने अख्खी म्हण कुणी म्हणत नाही. मोठ्याने अर्धी टाकायची, समोरच्याने उचलायची. न उचलणारं पोर म्हणजे वळण नसलेलं पोर." तिने येणाऱ्या बसकडे पाहिलं. "ती पोरं बघ, बसभर भरलीत."

घ्या! इतकी वर्षं मी हिची कीव करत होते आणि ही आम्हा सगळ्यांची.

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगून उचलली तर ती काय उचलली?"

मी एम.ए.! मला वाटलं, उरलेला अर्धा भाग तर्काने काढू. सुट्टीनंतर शनिवारी तिच्या खेकड्याला मी अशी नीतिपर शेपटी जोडली, की तिने वळून विचारलं, "तुमच्याकडचे खेकडे आजारी असतात का?"

मग मी दर गुरुवारी लवकर जायला लागले. बूथपाशी पर्समध्ये काहीतरी शोधत उभी राहायचे. डोरीनचा आवाज असा, की तिला टेलिफोनची गरजच नव्हती. एकेक उत्तर मी पाठ केलं. मिस मर्टलने मला एकदाही पाहिलं नाही. दार मात्र ती जास्तच उघडं ठेवायला लागली होती.

अशाच एका गुरुवारी तिने समुद्राची अर्धी म्हण टाकली. पलीकडून काही आलं नाही. तिने पुन्हा टाकली, जरा मोठ्याने. भुवया वरच. तिकडून विचारलं, कोण बोलतंय. मग ही हळू आवाजात म्हणाली, "मर्टल. डोरीन, मी मर्टल."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. "यल्ला, मिस मर्टल!"

ती सीट न पुसता बसली. साठे "गुड मॉर्निंग" म्हणत गेला, त्याला कुठलाही प्राणी मिळाला नाही. बंदराच्या क्रेन दिसायला लागल्या तेव्हा ती म्हणाली, "चाइल्ड, तुझं ते तेल. अजून मिळतं?"

"गुडघे दुखतात का फार?"

"माझे गुडघे ठणठणीत आहेत."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "मिळतं," मी म्हणाले. "आईला पाठवायला सांगते."

यापुढे काय बोलावं? माझ्याकडे सांत्वनाची अप्पर क्लास इंग्रजी वाक्यं होती, व्याकरणात कुठे बोट ठेवायला जागा नाही. एकही उपयोगाचं नव्हतं. तेव्हा मी तिची समुद्राची म्हण घेतली, अर्धी टाकली, भुवया वर चढवल्या आणि थांबले.

गेट आलं. शिपायाने पास पाहिले. बस आत शिरली. मी आपली भुवया ताणून बसलेली, कपाळ दुखायला लागलं.

खिडकीकडे बघतच तिने म्हण पुरी केली. मग हॅट सरळ केली, रुमाल काढून बसल्या जागीच सीटची कड पुसली आणि म्हणाली, "उच्चार भयंकर आहेत तुझे."