किसनआबांची विटी आणि रहेमानभाईंचा रेडिओ

मास्तर म्हणून कोल्हारला रुजू झालो, त्या पहिल्याच संध्याकाळी माझ्या कपाळावर विटी बसली. कपाळ धरून पाहतो तर समोर पांढऱ्या मिशांचे, धोतर मांडीपर्यंत खोचलेले साठीचे गृहस्थ दांडू घेऊन उभे.

"मास्तर, झेल धरायचा सोडून कपाळ काय पुढं करता?" तेच माझ्यावर रागावले.

हे माझे शेजारी किसनआबा. घरी बागाईत जमीन, दोन कर्ते मुलगे, पाच नातवंडं. तरी शाळा सुटली की आबा फाटकात हजर. "चला रं, गडी पाडू!" पोरं मागच्या भिंतीवरून पळ काढायची, कारण आबा कधी बादच होत नसत. कुणी झेल धरला की म्हणत, "डाव्या हातानं धरला. आमच्या वख्ताला डावा चालत न्हवता." उजव्या हातानं धरला, तर नेमकं आबांच्या डोळ्यांवर ऊन आलेलं असे. एकदा विटी त्यांच्याच घरात आमटीच्या पातेल्यात पडली. आबांनी ती बाहेर काढली, चाटली, "सूनबाई, मीठ कमी हाय," म्हणाले आणि तशीच पुन्हा कोलली.

'आमच्या वख्ताला' हे त्यांचं पालुपद. माझी विजेरी पाहून म्हणाले, "आमच्या वख्ताला अंधारात अंधार तरी नीट दिसायचा!" मोटारीनं धुरळा उडवला की म्हणत, "धुरळा बैलांनी उडवावा. त्याला वास तरी बरा असतू."

खेळाची जागा मात्र ठरलेली. रहेमानभाई शिंप्यांच्या ओट्यासमोर. रहेमानभाई म्हणजे आबांचे लंगोटीयार. प्रवरेच्या वाळूत दोघांनी विट्या कोलल्या, डोहात उड्या मारल्या, एकाच मळ्यातले पेरू चोरून एकाच माळ्याचा मार खाल्ला. चार वर्षांपूर्वी रहेमानभाई कमरेखाली लुळे पडले. तेव्हापासून दिवसभर ओट्यावरच्या बाजेवर पडून असत. टोला मारला की आबा तिकडे वळून विचारत, "बघितलं का रं?" रहेमानभाई मान हलवत.

मग रहेमानभाईंच्या मुंबईच्या मुलानं वडलांसाठी रेडिओ पाठवला. बॅटरीवरचा, गावातला पहिलाच. सगळी पोरं ओट्यावर गोळा झाली आणि आबांना गडी मिळेनात. दोन दिवस ते एकटेच विटी कोलत, एकटेच धावत जाऊन आणत आणि स्वतःशीच भांडत.

"पेटीतला मानूस बोलतू, आन त्याला हूं म्हनायला अख्खं गाव बसतंय!" ते मला म्हणाले.

महिन्याभरानं बॅटरी उतरली. ती भरून आणायला नगरला न्यावी लागे आणि मुलगा सुट्टीशिवाय येणार नव्हता. आबांना कोण आनंद! "मेली पेटी!" म्हणत त्यांनी पोरं ओढून आणली, मलाही ओढलं. पहिलाच टोला असा बसला की विटी लिंबाच्या झाडावरून पलीकडे गेली.

"बघितलं का रं, रहेमान?"

रहेमानभाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आबा ओट्याशी गेले. मी मागंच होतो.

"काय झालं रं?"

"तुजं मन मोडू नये म्हनून चार वरसं बोललो न्हाई, किसन्या," रहेमानभाई हळूच म्हणाले. "तू पळतूस तवा मला माजे पाय आठवत्यात. पेटी बोलाया लागली, की तेवढा येळ आठवत न्हाईत."

आबा दांडू तिथंच ठेवून घरी गेले.

दोन दिवसांनी, रविवारी, मी नगरच्या मोटारीत चढलो तर आबा आधीच बसलेले. मांडीवर रेडिओची बॅटरी, दोन्ही हातांनी कवटाळलेली. आतलं तेजाब सांडून धोतराला भोकं पडली होती.

"आबा, खाली ठेवा ती. भाजेल."

"खाली लई हादरं बसत्यात. आतलं पानी सांडलं मंजे?"

राहुरी मागं पडली तरी त्यांनी हात सोडले नव्हते. मग समोर बघतच म्हणाले, "चार वरसं, मास्तर. मला वाटायचं, त्याला मजा येतीया."

वाऱ्यानं त्यांचा पटका सुटून खांद्यावर आला.

"तेवढा बांधता का?" ते म्हणाले. "माजं हात गुतल्यात."

मी उभा राहून, जमेल तसा, त्यांच्या डोक्याला पटका गुंडाळला.