गणोरकर सरांचं स्टॉपवॉच

आमच्या गल्लीत गणोरकर सरांकडे चहाला गेलात, तर कप तोंडाला लावण्याआधी ते विचारत, "दाबू का?" गळ्यात काळ्या नाडीनं अडकवलेलं स्टॉपवॉच तोवर त्यांच्या मुठीत आलेलं असे. नवखा माणूस बावरून जीभ भाजून घ्यायचा. चहा संपला की सर निकाल सांगत, काटा शून्यावर आणत आणि पुढच्या पाहुण्याकडे वळत.

महाल भागातल्या एका शाळेत ते पी.टी. शिकवायचे. निवृत्त झाले तेव्हा शाळेनं शाल दिली. यांनी ती मुख्याध्यापकांच्याच खांद्यावर टाकली आणि कपाटातलं जुनं स्टॉपवॉच मागून घेतलं. मग त्या एका घड्याळावर सारी गल्ली चालली. कोणाचं अंडं उकडायचं असो, कॅरमचा डाव असो, नाहीतर पैजेवर संत्रं सोलायचं असो, सरांना हाक जायची आणि सर चप्पल न घालताच निघायचे.

मोजण्यात मात्र दयामाया नाही. "छाती फितीले लागली पाहिजे. नुसता पाय पोचून काय करतो गा?" सख्ख्या भाच्याला त्यांनी शर्यतीत केसभर फरकानं दुसरा ठरवला होता. बहिणीनं वर्षभर अबोला धरला. सरांना त्याचं काहीच वाटलं नाही.

मग काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, अर्धांगवायूचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, रोज ओसरीपासून फाटकापर्यंत चालवा, बसून राहिल्या तर कायमच्या बसतील. त्या दिवसापासून सरांनी गल्लीचं मोजणं बंद केलं.

सकाळी मी पेपर मागायला जाई, तेव्हा काकू पाय ओढत येत असत आणि सर फाटकाशी घड्याळ धरून उभे. "मान वर. काहून थांबून राहिली वं?" मला त्यांचा रागच यायचा. आजारी बाईला कोणी असं पळवतं का?

एकदा मी नीट पाहिलं. काकू फाटकापासून चांगल्या लांब होत्या आणि बटण टक्कन वाजलं. "पाह्य, कालच्यापेक्षा कमी वेळ." दुसऱ्या दिवशी ते त्याहूनही आधी वाजलं. भाच्याचं आठवून मला हसू आवरेना.

सर पाणी आणायला आत गेले. काकू फाटकाजवळच्या स्टुलावर टेकल्या.

"तुले दिसलं न गा?"

मी मान हलवली.

"मलेही दिसते. बोलू नको ह्यांच्याजवळ. मी खाटेवर पडून राहिली का हे जेवत नाहीत. म्हणून मी चालून राहिली. अन् मी चालावं म्हणून हे खोटं बोलून राहिले."

मला त्या दोघांचाही फार लोभ वाटला.

"काय बोलून राहिले दोघं?" सर पेला घेऊन आले.

"काही नाही. उद्या अजून लवकर येईन म्हणत होती मी."

सरांनीच पेला काकूंच्या ओठांना लावला. त्या अगदी सावकाश, घोट घोट पीत राहिल्या. सरांनी हात हलू दिला नाही; घड्याळ गळ्यात तसंच लटकत राहिलं.