परबकाकूचा ओपन डे

आमच्या विक्रोळीच्या चाळीत कुणाच्याही पोराचा ओपन डे असला, की परबकाकू ठेवणीतली साडी नेसते. तिचं स्वतःचं कुणी शाळेत नाही. एकुलता एक मुलगा महेश कधीच नोकरीला लागला आणि बायको-मुलीला घेऊन मुलुंडला राहतो. तरी पेपर बघायला काकू पुढे आणि पोराचे आईबाप मागे, अशी वरात शाळेत शिरते.

याचं मूळ बुद्धविहाराच्या हॉलमधल्या इंग्रजीच्या वर्गात आहे. गावाहून आलेल्या आमच्यासारख्या आईबापांनी पोरं इंग्लिश मिडियमला घातली खरी, पण टीचर काय बोलते ते कळेना. म्हणून आम्ही संध्याकाळी तिथं जाऊन बसायला लागलो. काकूही आली. "तुझं कोण आहे शाळेत?" असं चाळीतल्याच कांबळ्यांनी विचारलं, तर म्हणाली, "तुझो आसा ना मेल्या? मग गप बस." आम्ही उत्तरं पुटपुटायचो, काकू खणखणीत चुकायची. लाज ती मालवणातच ठेवून आली होती.

"स्लोली प्लीज" हे तिचं ब्रह्मास्त्र. ते ती डॉक्टरवर टाकते, बँकेतल्या बाईवर टाकते, आणि चक्क मराठीत भाव सांगणाऱ्या कोळणीवरही टाकते.

पण त्याचा उपयोग होतो. कांबळ्यांच्या ओंकारबद्दल टीचर दर वेळी एका दमात "केअरलेस, सगळं चुकीचं उतरवतो" असं इंग्रजीत सांगायची. त्याची आई "येस येस" म्हणायची आणि घरी येऊन त्याला बडवायची. काकूनं टीचरला थांबवलं. "स्लोली प्लीज. व्हेअर ही सिट? ही सी बोर्ड?" टीचरनं त्याला शेवटच्या बाकावरून फळा वाचायला लावला. ओंकारला चष्मा लागला, मार थांबला आणि पुढच्या परीक्षेत तो गणितात चक्क पास झाला.

"महेशच्या वेळी तर तू शाळा डोक्यावर घेतली असशील," मी एकदा म्हटलं.

"खय गो! मी गेटाभायर. शेजारचे मास्तर आत जायचे. महेश म्हणायचो, आई, तू येव नको, टीचर इंग्लिशमधी इचारतली." मग म्हणाली, "पोराची काय चूक? माका खरांच येत नव्हता."

गेल्या महिन्यात तिच्या नातीचा ओपन डे होता. मुलगा-सून दोघंही ऑफिसात, तेव्हा आता आपल्यालाच बोलावतील, अशी काकूची खात्री. नेमका माझ्या तन्वीचाही तोच शनिवार, पण काकूनं मला साफ नाही म्हटलं. सकाळपासून साडी नेसून, फोन मांडीवर घेऊन बसली होती.

मी निघताना फोन आला. महेशनं रजा घेतली होती. "आम्ही जाऊन येतो आई, तू कशाला दगदग करतेस?" प्रेमानंच म्हणाला असेल.

"बरां, बरां," काकू म्हणाली. फोन ठेवला आणि चपला घातल्या. "चल गो. तन्वीक उशीर होतलो."

शाळेत तिनं काहीच विचारलं नाही. टीचर भराभर बोलत होती, काकू तन्वीची वेणी सारखी करत होती. शेवटी टीचरनंच हसून विचारलं, "यू आर हर ग्रँडमदर?"

एरवी काकू ठणकावून "नेबर!" म्हणते.

"येस," ती हळूच म्हणाली.

मला महेशचा राग आला, आणि काकूसाठी जीव तुटला. तन्वीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या पेपरात डोकं घातलं. मग तन्वी काकूला जरा चिकटून उभी राहिली.