तबकडी सैल करतंय कोण?

"रविवारी संध्याकाळी पाचला या मशीनवर वाडगा कातून दाखवला नाही, तर नाव बदलीन!" तपासनिसांनी छाती पुढे काढून जाहीर केलं.

"नाव राहू द्या, खोली सोडा," माई म्हणाल्या.

खोली म्हणजे माईंची शिवणाची खोली. महिन्यापूर्वी तिथे लाकूड कातायचं एक जुनं, गंजकं लेथ मशीन येऊन बसलं आणि माईंचं शिलाई मशीन स्वयंपाकघराच्या दारात गेलं. तेव्हापासून बिचाऱ्या एक पाय पायडलवर आणि एक डोळा दुधावर ठेवून शिवत होत्या. शेवटी ठरलं, की रविवारी वाडगा निघाला तर खोली तपासनिसांची. नाही निघाला, तर लेथ भंगारात!

तपासनीस हे काही त्यांचं आडनाव नव्हे. तीस वर्षं एका गोदामात माल तपासला, निवृत्त झाले, पण नजर काही निवृत्त झाली नाही. दूधवाल्याकडे असे बघायचे, की तोच घाबरून पिशव्या पुन्हा मोजायचा.

मेहनत मात्र त्यांनी मनापासून केली हो! महिनाभर पॉलिश पेपरने घासून गंज उतरवला, बेअरिंग बदलली, तेल पाजलं. शुक्रवारी सकाळी मोटरवरून मशीनच्या चाकावर पट्टा चढवला. तो जरा ढिला पडत होता. तपासनिसांनी डोकं लढवलं. पट्ट्याला मध्ये एक पीळ दिला आणि आठाच्या आकड्यासारखा चढवला. बसला की ताठ!

"याला म्हणतात अक्कल," ते स्वतःलाच म्हणाले.

मग लाकडाचा ठोकळा लोखंडी तबकडीवर स्क्रूने जखडला, तबकडी मशीनच्या दांड्यावर आट्यांनी घट्ट फिरवून बसवली, चहा पिऊन आले आणि बटण दाबलं.

घर्रर्र! तबकडी दांड्यावरून सुटली, धाडकन खाली पडली आणि ठोकळ्यासकट कपाटाखाली गेली.

माई धावत आल्या. गळ्यात मापाची टेप, चष्मा कपाळावर. "अहो, तुमचा तो पट्टा..."

"थांब! तू इतक्या पटकन कशी आलीस?"

"आवाज झाला म्हणून."

"की आवाज होणार हे आधीच माहीत होतं? हात दाखव. ग्रीस लागलंय का बघू."

माईंनी हात दाखवले. हाताला खडू लागला होता. त्या निघून गेल्या, आणि जाताना दार जरा जोरातच लागलं.

तपासनिसांना चित्र स्वच्छ दिसलं. तबकडी आपण घट्ट केली होती. मध्ये दहा मिनिटं चहाला गेलो. तेवढ्यात कोणीतरी ती सैल केली! फायदा कोणाचा? त्यांनी तबकडी पुन्हा घट्ट बसवली, दाराला कुलूप लावलं, वर एक दोरा बांधला आणि बाहेर एक वही टांगली. नाव, वेळ, आत येण्याचं कारण, सही.

शनिवारी कुलूप जागच्या जागी, दोराही शाबूत. बटण दाबलं, आणि तबकडी पुन्हा कपाटाखाली! म्हणजे चोर खिडकीतून येतो! नेमका त्याच वेळी खिडकीबाहेर माईंचा भाऊ उभा.

"भाऊजी, छत्री परत द्यायला आलोय."

"आजच? दोन वर्षं कुठे होती छत्री?"

"विसरलो होतो."

"आणि बहिणीची खोली जायची वेळ आली तशी आठवली! खिसे उलटे कर."

मेव्हण्याने खिसे उलटे केले. त्यातून चिंचेची गोळी निघाली. तो छत्री घेऊनच परत गेला, आता आणखी दोन वर्षं काही ती येत नाही!

मग उरला तो म्हातारा कातारी, ज्याच्याकडून मशीन घेतलं होतं. तपासनिसांनी त्याला फोनवर झाडला. "आटे झिजलेलं मशीन गळ्यात मारलंत!"

"अहो, चाळीस वर्षं कातलं मी त्यावर. एकदा तबकडी सुटली नाही."

"रविवारी पाचला या. सगळ्यांसमोर सोक्षमोक्ष लावू!"

रविवारी पाचला तिन्ही संशयित दाराबाहेर रांगेत उभे. तपासनिसांनी तबकडी पान्याने आवळली, इतकी की त्यांचे कानसुद्धा लाल झाले. बटण दाबलं. घर्रर्र! तबकडी सुटली, मेव्हण्याच्या पायांमधून निघाली, बोळातून गडगडत थेट स्वयंपाकघराच्या दारात गेली आणि शिलाई मशीनला टेकून आडवी झाली.

कोणी जवळ गेलं नव्हतं. कोणी हात लावला नव्हता. तपासनीस पांढरेफटक पडले.

माईंनी शांतपणे वहीत नाव लिहिलं. वेळ, पाच वाजून चार मिनिटं. कारण, पट्टा. सही केली आणि आत गेल्या. बटण बंद करून त्यांनी पट्टा काढला, पीळ सोडवला, सरळ चढवला.

"पीळ दिला की चाक उलटं फिरतं. माझं पायडल उलटं पडलं तर दोरा तुटतो. तुमची तबकडी तर आट्यांची. उलटी फिरली की सुटणारच!"

"वहिनी अगदी बरोबर बोलतायत," कातारी म्हणाला. "पट्टा ढिला असला तर मोटर जरा मागे सरकवायची." त्याने दोन नट सैल केले, मोटर सरकवली, नट आवळले. तबकडी पुन्हा बसवली. बटण दाबलं, तशी ती घट्टच होत गेली आणि लाकूड गुणगुणत फिरू लागलं.

"अगं, मग शुक्रवारीच का नाही सांगितलंस?"

"सांगायलाच आले होते. तुम्ही हात तपासत बसलात."

सात वाजता वाडगा निघाला. एका बाजूने जरा कलंडतो, पण वाडगाच! तपासनिसांनी तो हळूच माईंपुढे ठेवला आणि खाली मान घालून म्हणाले, "पाच वाजून गेले होते. खोली तुझी. हे भंगारात देतो."

माईंनी वाडगा हातात फिरवून बघितला. त्यात टाचण्या ठेवल्या. "कोपऱ्यात राहू दे मशीन. खिडकी तेवढी माझी."

आता शिलाई मशीन खिडकीपाशी आहे, लेथ कोपऱ्यात, आणि वही दाराबाहेर तशीच. रोज दुपारी तीनला तपासनीस तिच्यात नाव, वेळ, कारण लिहितात, सही करतात आणि उंबऱ्यावर थांबतात. माई चष्म्यावरून बघतात.

"आधी हात दाखवा."

तपासनीस निमूटपणे दोन्ही बाजूंनी दाखवतात.