शेकरांना अक्कल येईपर्यंत

बाळांनो, एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका, दर लढाईनंतर त्याचा नकाशा बदलतो) जांभळांचं एक दाट बन होतं. बनात शेकरं राहायची. शेकरू म्हणजे तांबूस रंगाची, झुबकेदार शेपटीची मोठी खार. बनावर राज्य वाघाचं. वाघ जांभळं खात नाही, त्यामुळे राज्य फारसं जाणवायचं नाही. नुसता गुरगुरायचा.

पुढे अस्वल आणि लांडगा यांनी वाघाशी लढाई काढली. अस्वल बनात आलं आणि शेकरांच्या म्होरकीला म्हणालं, "झुबकीमावशी, वाघ दिसला की झाडावरून ओरडायचं, एवढंच तुमचं काम. वाघ पळाला की बन तुमचं."

शेकरं घसा बसेपर्यंत ओरडली. वाघ पळाला.

मग पंचांची सभा भरली. पंच कोण? अस्वल, लांडगा आणि अध्यक्ष म्हणून हत्ती, कारण तो मोठा दिसतो. ठराव झाला: 'दुसऱ्याचं रान बळकावणं हा रानटीपणा आहे. तो आजपासून बंद.' टाळ्या पडल्या. 'मात्र शेकरं अजून लहान आहेत. त्यांना अक्कल येईपर्यंत अस्वल त्यांचा पालक राहील.'

झुबकीमावशी ताडकन उठली. "अहो, सात पिढ्या आम्हीच..."

"बघा, मध्येच बोलतात," लांडगा म्हणाला. "लहानच आहेत."

लांडग्याला चितळांचं कुरण मिळालं होतं. चितळंही लहानच निघाली.

आमच्या पेठेतही एकानं मेव्हण्याचं मिठाईचं दुकान 'तो शिकेपर्यंत' सांभाळायला घेतलं. मेव्हण्याला आता नातवंडं आहेत. अजून शिकतोय.

तर अस्वल बनात राहायला आलं. शिकवणी सुरू झाली. शेकरं शेंड्यावर जाऊन एकेक जांभूळ वेचून खायची. अस्वल म्हणे, ही मागासलेली पद्धत. ते अख्खी फांदी मोडून ओरबाडायचं. फांदीबरोबर घरटी खाली यायची. दर वर्षी पंचांकडे अहवाल जाई: 'प्रगती समाधानकारक. अक्कल अजून नाही.' अहवाल अस्वलच लिही, कारण शेकरं लहान.

तिसऱ्या हंगामात मावशीनं अर्ज केला: 'निम्मी झाडं मोडली. पिल्लं ठेवायला फांदी उरली नाही. पालक काढा.' नियमाप्रमाणे अर्ज पालकामार्फत गेला.

हत्तीनं तो मोठ्यानं वाचला. "वा! काय मुद्देसूद लिहिलंय! हे सगळं शिकवणीचं फळ. अस्वलाला आणखी दहा वर्षं द्या."

पुढे शेकरांनी अर्जच केला नाही.

"तक्रार नाही, म्हणजे सुखात आहेत," हत्ती म्हणाला. "चाललंय ते मोडू नये. आणखी दहा."

मावशीनं शेवटी अस्वलालाच गाठलं. "पालकसाहेब, एकदाचं सांगून टाका. आम्हाला अक्कल आली हे कळणार कसं?"

"मला कळेल."

"कशावरून?"

"अगं, ते आतून कळतं," अस्वल ढेकर देत म्हणालं.

आणि खरंच कळलं! ज्या दिवशी शेवटचं झाड आडवं झालं, त्याच दिवशी अस्वलानं जाहीर केलं, "शेकरं शहाणी झाली."

मोठा समारंभ झाला. हत्तीनं मावशीच्या गळ्यात हार घातला आणि चाळीस बुंधे तिच्या स्वाधीन केले.

"आम्ही राहायचं कुठे?" मावशीनं विचारलं.

"आता तुम्ही स्वतंत्र आहात," हत्ती प्रेमानं म्हणाला. "असले प्रश्न तुमचे तुम्हीच सोडवायचे."

अस्वल भाषणाला थांबलं नाही. नदीपलीकडच्या आमराईत माकडं राहतात, आणि ती फारच लहान आहेत, असं त्याच्या कानावर आलं होतं.

तात्पर्य: बाळांनो, आपल्याला अक्कल आली का, हे स्वतःला विचारत बसू नका. आपल्या बनात दुसऱ्यानं खाण्यासारखं काही उरलंय का, ते बघा. उरलं असेल, तर तुम्ही अजून लहान आहात.